खंडूबाबाची गोष्ट, नव्या आवाजात

आवाज बसला

जूनमध्ये माझा आवाज बसला, तेव्हा मी त्याकडे लक्षच दिलं नाही. शाळा सुरू झाली की शिक्षकांचे घसे बसतात. गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचं दूध, हा क्रम ठरलेला असतो. यंदा गणपती येऊन गेले तरी आवाज उघडला नाही. स्टाफरूममध्ये सगळे गमतीने म्हणायचे, "सुनंदाबाई, पोरं आता तुम्हाला घाबरेनाशी झालीत." मीही हसायचे. दिवाळीच्या आधी जिना चढताना श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज यायला लागला, तेव्हा माझा नवरा अशोक मला जवळजवळ ओढतच घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

मी नाशिकच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. अशोक आणि मी शिक्षणशास्त्राच्या कॉलेजात एका वर्गात होतो, म्हणून आमच्यात अहो-जाहो कधी आलं नाही. एक मुलगी, गौरी, पुण्यात नोकरी करते. सुखाचं, साधं घर. त्या घरावर काय आलं आणि आम्ही त्यातून कसे निघालो, ते लिहिते आहे. स्वरयंत्र काढायचं ठरलं की माणसाला ऑपरेशनची माहिती मिळते, पण नंतर जगायचं कसं ते फारसं कुणी सांगत नाही. मला एकाने सांगितलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

निदान

घशातला तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला, आणि डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. बोलण्याआधी त्यांनी उठून पंखा बारीक केला. माझं घोगरं बोलणं त्यांना नीट ऐकायचं होतं.

"सुनंदाताई, गाठ स्वरयंत्रावर आहे आणि ती कॅन्सरची आहे. दुसरीकडे कुठे गेलेली नाही. बरं होण्याची चांगली आशा आहे. पण स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल."

"म्हणजे मी बोलणार कशी?"

"आत्ता बोलता तशा नाही. श्वास गळ्याला केलेल्या छिद्रातून घ्यायचा. बोलायची वेगळी पद्धत शिकता येते, बरेच जण शिकतात. पण हा आवाज परत येणार नाही. ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

अशोकने विचारलं, "नुसता किरणांचा शेक देऊन नाही भागणार?"

"आधी आला असतात तर कदाचित."

ते 'कदाचित' घेऊन आम्ही खाली आलो. अशोकने स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा मीच म्हटलं, "चल, लोकांना जायचंय."

पुढचा आठवडा वाईट गेला. नातेवाईक भेटायला येत आणि हमखास विचारत, "पण तू तर सुपारीचं खांडही खात नाहीस?" जणू मी कुठेतरी चोरून खाल्लं असावं. अशोकला मुंबईला दुसरं मत घ्यायचं होतं, मग एका वैद्यांचं नाव निघालं. गौरी पुण्याहून आली आणि बापाशी भांडली. "बाबा, तुम्ही दिवस घालवताय." तो म्हणाला, "तिचा आवाज जाणार आहे, तुला कळतंय का?" ती म्हणाली, "मला आई हवीय. आवाज नसला तरी चालेल." दोघं माझ्याबद्दल बोलत होते आणि मी मध्ये बसून वालाच्या शेंगा मोडत होते. शेवटी मी म्हटलं, "ऑपरेशन करायचं. माझा गळा आहे, मी ठरवलं." मग अशोक रडला. आमच्या लग्नानंतर मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

हा आवाज कशासाठी होता

मला मरणाची भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जवळची भीती वेगळीच होती. शाळेतल्या तासांखेरीज माझ्या आवाजाला आणखी एक काम होतं.

आमचं मूळ गाव चांदवडजवळ. मी शाळेत होते तेव्हा एकदा वडिलांबरोबर शेतावरच्या कांदाचाळीत कांदा भरायला गेले होते. कशावरून तरी विषय निघाला आणि वडील म्हणाले, "आपल्यातला एक जण इंग्रजांच्या राज्यात काळ्या पाण्यावर गेला होता. खंडू त्याचं नाव. घरात कोणाला विचारू नकोस." मी अर्थातच विचारलं. कोणी म्हणे दरोड्यात सापडला, कोणी म्हणे बांधावरून भाऊबंदकीत खून केला. खरं कोणालाच ठाऊक नव्हतं. एवढं नक्की, की तो देशासाठी गेलेला नव्हता. त्याला बेड्या घालून नेल्यावर त्याच्या बायकोने, तो जिवंत असतानाच, बांगड्या फोडल्या. तिने मुलगा वाढवला, त्याच मुलाचे आम्ही सगळे. खंडूचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही, आणि कळवायला कोणी आलं नाही.

मोठी झाल्यावर मी हाताला लागेल ते वाचलं. अंदमान म्हटलं की आपल्याला कोठड्या आणि राजबंदी आठवतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून साधे कैदी जहाजं भरभरून नेले जात होते. चोर, दरोडेखोर, खुनी, बंडात सापडलेले शेतकरी, कुठल्या कुठल्या गावचे. कोठड्या नंतर आल्या. सुरुवातीला तिथे काहीच नव्हतं. जंगल होतं, दलदल होती आणि पाऊस होता. पायात लोखंडी कडं, गळ्यात नंबराची लाकडी पट्टी, हातात कुऱ्हाड. दिवसभर झाडं तोडायची, गुडघाभर चिखलात उभं राहून दलदल बुजवायची, विटा पाडायच्या, दगड फोडायचा, धक्के बांधायचे. पायाला झालेल्या जखमा तिथल्या ओलीत भरून येत नसत. हिवतापाने माणसं जात. काही पळून जंगलात शिरले, त्यातले बरेच परत दिसले नाहीत. ज्यांचं ते जंगल होतं, त्या मूळ माणसांवर तर आणखीच मोठं संकट आलं होतं, आणि तेही मी पोरांना सांगत असे.

पण जे जगले, त्यांची गोष्ट मला सगळ्यात आवडायची. बरी वर्तणूक दाखवलेल्या कैद्याला काही वर्षांनी जमिनीचा तुकडा मिळे. तो भात लावी, गाय पाळी. शिक्षा होऊन आलेल्या बायका वेगळ्या तुरुंगात सूत कातत, कापड विणत. सरकारच्या परवानगीने त्यांच्यातली एखादी निवडून, तिने होकार दिला तर, लग्न होई. नवरा एका मुलखाचा, बायको दुसऱ्या मुलखाची, जात वेगळी, कधी धर्मही वेगळा. त्यांची मुलं तिथेच जन्मली आणि तिथलीच झाली.

आम्ही एकदा पोर्ट ब्लेअरला गेलो होतो. खंडूचा माग लागतो का ते मी जमेल तिथे विचारलं. काही सापडलं नाही. पण एका शिंप्याच्या दुकानात अशोकच्या पँटची शिवण घालायला थांबलो, तेव्हा त्या म्हाताऱ्या शिंप्याला मी सहज विचारलं, "आप यहीं के हैं?" त्याने मशीन थांबवलं आणि मान वर करून म्हणाला, "हम क़ैदी की औलाद हैं, बहनजी. ये जो सड़क आप चलके आईं, हमारे परदादा लोगों ने बनाई है." एवढी ताठ मान मी कोणा जहागीरदाराच्या वंशजाची पाहिलेली नाही.

त्या दिवसापासून मी खंडूला बाबा म्हणायला लागले. नाशिकला आल्यावर शनिवारी दुपारी शाळाशाळांतून ही गोष्ट सांगायला सुरुवात केली. पेठ, सुरगाणा, कळवण, जिथे बोलावलं तिथे. फक्त आमच्या गावात नाही. तिथे माझे थोरले चुलत भाऊ आण्णा आहेत. त्यांनी बजावलं होतं, "नंदे, बाकी कुठं बी सांग. गावात नाय. पोरीबाळींची लग्नं व्हायची हायेत. कैद्याचं घराणं म्हणतील लोकं." आण्णांचा शब्द मी मोडला नव्हता. म्हटलं, कधीतरी ऐकतील. आता ते ऐकायच्या आधी माझाच आवाज जाणार होता.

स्ट्रेचरवर

ऑपरेशनच्या आधीचे दिवस मी बोलत सुटले. जुन्या मैत्रिणींना फोन केले, भाजीवालीशी गप्पा मारल्या, अशोकला आमच्या कॉलेजातल्या सगळ्या मास्तरांच्या नकला करून दाखवल्या. आवाज फाटका होता, पण होता माझाच. शेवटचं वाक्य काहीतरी चांगलं असावं असं मनात ठरवलं होतं. प्रत्यक्षात स्ट्रेचर आत सरकताना मी अशोकला म्हणाले, "गॅसचा नॉब बंद केलास ना?" तो म्हणाला, "केला." दार लागलं. त्या वाक्यावर आम्ही अजून हसतो.

छिद्र

जाग आली तेव्हा आधी खोकला आला, आणि तो गळ्यातून आला. तोंड मिटलेलं आणि खोकला गळ्यातून. मी ओरडायला तोंड उघडलं. काहीच निघालं नाही. ते पहिले काही दिवस मला नीट आठवत नाहीत आणि आठवायचेही नाहीत. गळ्यातली घाण ओढून काढायचं यंत्र सुरू झालं की जीव आता जातो की काय असं वाटे. सिस्टर कविता मनगट धरून म्हणायच्या, "झालंच, बाई. झालंच." त्या सुरगाण्याच्या. नाकातून पोटात नळी घातली होती. त्या नळीतून जाईल इतकी पातळ नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज कशी करायची, ते त्यांनी अशोकला शिकवलं. तो रोज घरून डबा आणायचा. पेजेत गुठळी राहिली की सिस्टर त्याला रागावायच्या आणि तो वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा उभा राहायचा.

पण अशोक माझ्या गळ्याकडे बघत नव्हता. पेज देताना त्याची नजर खिडकीकडे असे. मला ते फार लागलं. छिद्र पुसायचं, कपडा बदलायचा, ते सगळं गौरीने शिकून घेतलं. ती म्हणाली, "आई, बाबांना थोडा वेळ दे." मी पाटीवर लिहिलं, "मला कोण देणार?" ती पाटी अशोकनेच शाळेतून आणली होती. दुपारी त्याने ते वाचलं, पुसायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा हात धुऊन म्हणाला, "गौरी, सरक. मला दाखव कसं पुसायचं." पुसून झाल्यावर त्याने सरळ छिद्राकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढंसंच आहे की." आजारपणात मिळालेल्या सगळ्या मोठ्या औषधांत मी हे वाक्य धरते.

बाबूराव

वॉर्डाबाहेर लांब व्हरांडा होता. दुपारी बायकांच्या आणि पुरुषांच्या वॉर्डातले चालते-फिरते रुग्ण तिथे बाकांवर येऊन बसत, सोबत नातेवाईक. एक दिवस गळ्याला मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने मफलरखाली अंगठा दाबला आणि बोलला.

"बाई, घाबरू नका. मलाबी भोकच हाय. बोलतोय ना मी?"

आवाज जाडा, खरखरीत, जुन्या रेडिओवरच्या बातम्यांसारखा. पण शब्द न् शब्द कळत होता. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो बाबूराव, कळवणचा, टेम्पो चालवणारा. त्याचं स्वरयंत्र आधीच काढलेलं होतं, बोलता यावं म्हणून गळ्याच्या आत बसवलेला छोटा व्हॉल्व्ह गळत होता म्हणून काही दिवस दाखल झाला होता. त्याने मला ते सगळं सांगितलं जे कोणी सांगितलं नव्हतं. वास जातो, भाजी करपली तरी कळत नाही. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. आंघोळीला गळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. लोक पहिल्यांदा दचकतात, मग सवय होते. "आन् हसलं तर आवाज नाय निघत," तो म्हणाला, "पण हसायचं सोडू नका."

त्याने विचारलं, तुम्ही काय करता. मी पाटीवर लिहिलं, इतिहास शिकवते. कोणता? मी लिहिलं, काळं पाणी.

"ते फाशीवाले?"

मी मान हलवली आणि लिहिलं, "नाही. साधे कैदी. माझा एक पूर्वज होता. खंडू."

त्याने ती ओळ मोठ्याने वाचली. शेजारच्या बाकावरची माणसं वळली. एक आजी म्हणाली, "मग काय झालं त्येचं?" मी पाटी पुसून पुढची ओळ लिहिली. बाबूराव तीही वाचून दाखवू लागला.

असं ते सुरू झालं. दुपारी व्हरांड्यात मी लिहायची आणि बाबूराव वाचायचा. मी लिहीपर्यंत सगळे थांबायचे. जहाजाच्या पोटातला प्रवास, पायातलं कडं, समुद्र ओलांडला म्हणजे जात गेली या धास्तीने रडणारी माणसं. जंगलातली झाडं, एवढी मोठी की एक पाडायला कितीतरी माणसांनी खपावं. जळवा, ताप. एका बाकावर बसलेल्या मालेगावच्या शकीलभाईंनी, ते यंत्रमाग चालवायचे, विचारलं, "उनमें जुलाहे भी होंगे ना?" मी लिहिलं, असणारच, विणणारे, सुतार, लोहार, सगळ्यांचे हात लागले. बाबूरावने ते वाचलं तसे शकीलभाई बाकावर जरा सरळ झाले.

पाटीवर लांब वाक्यं मावत नाहीत. वर्गात मी जे पाच वाक्यांत सांगायची ते एका ओळीत आणायला लागले. 'त्यांनी जंगल तोडलं.' 'त्यांना रस्ता हवा होता म्हणून नाही.' 'पण रस्ता राहिला.' बाबूराव ते सावकाश, अंगठा दाबत, श्वास घेत वाचायचा. त्याच्या त्या खरखरीत आवाजात ती ओळ माझ्या आवाजापेक्षा जास्त खरी वाटे. मला हेवा वाटायला हवा होता. मला अभिमान वाटला. गोष्ट माझ्या गळ्यात राहत नव्हती, हे मला तिथे कळलं.

आण्णा आले

एका दुपारी असंच वाचन चाललं होतं आणि व्हरांड्याच्या टोकाला आण्णा उभे दिसले. पांढरी टोपी, हातात गावाकडच्या पेरूंची पिशवी. मला काही तोंडाने खाता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. माझा हात पाटीवर थांबला. त्या दिवशी मी खंडूच्या बायकोबद्दल लिहीत होते. बाबूरावला आण्णा कोण ते माहीत नव्हतं. त्याने वाचलं, "चांदवडजवळ आमचं घर. खंडू गेला तेव्हा त्याच्या बायकोने बांगड्या फोडल्या. तो जिवंत होता."

आण्णा मागच्या बाकावर बसले, पिशवी मांडीवर. बाबूराव पुढच्या ओळीची वाट बघत होता. मी मोठ्या मुश्किलीने लिहिलं, "तो मेला कसा, माहीत नाही. त्याने काय काय बांधलं, तेही नाही. पण काहीतरी बांधलंच असेल."

त्या आजीने पदराने डोळे पुसले. बाबूरावने विचारलं, "बाई, तुमच्या गावात हाय का त्येचं काही? दगड, फोटू?"

मी लिहिलं, "काही नाही. नावही घेत नाहीत."

त्याने तेही मोठ्याने वाचलं.

माणसं पांगल्यावर आण्णा माझ्याजवळ आले. मला वाटलं रागावतील. ते बराच वेळ माझ्या गळ्यावरच्या कपड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ती बाई रडत व्हती. कोण कुठली. आपल्या खंडूसाठी." मी पाटी पुसून मांडीवर ठेवली. आण्णा म्हणाले, "लवकर बरी हो." आणि पेरूंची पिशवी सिस्टरकडे देऊन गेले. पेरू सगळ्या वॉर्डाने खाल्ले.

पुन्हा बोलणं

शेक घेतला. चेहऱ्यावर प्लास्टिकचा मुखवटा आवळून टेबलाला बांधतात, तेव्हा हलता येत नाही. चव गेली, तोंड कोरडं पडलं, गळ्याची कातडी काळवंडली. बाबूराव घरी गेला होता, पण अधूनमधून फोन करायचा. मी बोलू शकत नव्हते, म्हणून तो एकटाच बोलायचा. कळवणला पाऊस, टेम्पोचा टायर, नातीचं बारसं. मी टकटक करून हो-नाही कळवायची. असा फोन ज्याला येतो तो नशीबवान.

मग व्हॉल्व्ह बसवला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अंगठा लावा, श्वास सोडा आणि 'आ' म्हणा." मी अंगठा लावला. नुसती हवा गेली. पुन्हा. पुन्हा. घाम फुटला. मग कुठूनतरी खोलातून, खरवडून, एक 'आ' बाहेर पडला. अशोक दाराशी होता. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. मॅडमनी टाळी वाजवली नाही, काही नाही, फक्त म्हणाल्या, "आता 'अशोक' म्हणून बघा." मी म्हणाले. 'क' गळला, पण नाव कळलं.

घरी सराव करून मी गौरीला फोन लावला. ती म्हणाली, "कोण बोलतंय?" मी म्हणाले, "तुझी आई." ती म्हणाली, "पुन्हा म्हण."

मुख्याध्यापकांनी भल्या मनाने मला ग्रंथालयाचं काम देऊ केलं. मी म्हटलं, मला नववीचा वर्ग हवा. पहिल्या दिवशी सगळ्या पोरांच्या नजरा माझ्या गळ्यावर होत्या. मी गळ्यावरचा रुमाल बाजूला करून छिद्र दाखवलं, काय झालं ते सांगितलं आणि विचारलं, "काही विचारायचंय?" एक मुलगी म्हणाली, "बाई, दुखतं का?" मी म्हटलं, नाही. "मग ठीक," ती म्हणाली, आणि धडा सुरू झाला.

गावात

आण्णांचा फोन आला. "गावच्या शाळेत येशील का? गुरुजींशी बोललोय मी."

मी काय सांगायला येऊ, असं विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं.

शाळेच्या पटांगणात पोरं मांडी घालून बसली होती, मागे गावची माणसं, बायका एका बाजूला. आमच्या भावकीतले काही जण अगदी शेवटी उभे होते, जायला सोपं पडावं असे. माइक अशोकने माझ्या तोंडाजवळ धरला, कारण माझा एक हात गळ्यावर लागतो. मी सुरुवात केली तेव्हा पुढच्या रांगेतलं एक पोरगं खुदकन हसलं. शेजारणीने त्याला चिमटा काढला. मी थांबले नाही.

मी खंडूची बाजू घेऊन बोलले नाही. त्याने काय केलं मला ठाऊक नाही, काहीतरी वाईट केलं असेल, हे स्पष्ट सांगितलं. मग सांगितलं की त्याच्यासारखे हजारो लोक, आपल्याकडचे आणि सगळीकडचे, एका ओल्या, तापाच्या जंगलात उतरवले गेले आणि कमरेत वाकून काम करत राहिले. त्यांच्या हातून सरकारने धक्के, रस्ते, बराकी, शेतं करून घेतली. ते पुण्यवान नव्हते. पण ते मोडले नाहीत. ज्यांना जमीन मिळाली त्यांनी भात पिकवला. ज्यांनी एकमेकांना कधी शिवलं नसतं, त्यांनी एकत्र चूल मांडली. आज त्यांची नातवंडं म्हणतात, आम्ही कैद्यांची मुलं. शिंप्याची गोष्ट मी सांगितली. श्वास पुरत नव्हता म्हणून मध्ये मध्ये थांबत होते. त्या थांबण्यात कोणी चुळबूळ केली नाही.

एका मुलाने विचारलं, "तो परत का नाही आला?"

मी म्हटलं, "कदाचित मेला. कदाचित परवानगी नव्हती. कदाचित तिथे त्याला दुसरं घर मिळालं. मला शेवटचं खरं असावं असं वाटतं."

मग आण्णा उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी उभ्या असलेल्या भावकीकडे बघून म्हणाले, "खंडू आमच्या घरातला. मी थोरला हाय म्हणून सांगतो. गुन्हा केला आसंल, शिक्षाबी भोगली. इतकी वर्सं आम्ही त्याचं नाव घेतलं नाय. या पितृपक्षात त्याच्या नावानं पान वाढणार. ज्याला यायचं त्यानं यावं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटच्या रांगेतले दोघे-तिघे पुढे येऊन सतरंजीवर बसले. मला तेवढं पुष्कळ होतं.

ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमचं किंवा तुमच्या माणसाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर एवढंच सांगते. आवाज जाईल तेव्हा रडा. घरच्यांना छिद्राकडे बघायला वेळ लागेल, तो द्या, पण फार देऊ नका. जो माणूस आधी या वाटेने गेला आहे त्याला शोधा, आणि बरे झालात की तुम्ही कोणाचे तरी बाबूराव व्हा. मी आता महिन्यातून एकदा त्या व्हरांड्यात जाते. पाटी नेत नाही. अंगठा लावते आणि म्हणते, "घाबरू नका."

आणि लपवू नका. मी मफलर वापरते ते थंडीत.

गावाहून परत येताना हायवेवर चहाला थांबलो. अशोक गाडी लावत होता. टपरीवाला पाठमोरा उभा राहून दूध ढवळत होता. मी गळ्याला अंगठा लावून म्हटलं, "दोन चहा."

"देतो, साहेब," तो न वळता म्हणाला. "साखर कमी का?"

"साहेब नाही, बाई," मी म्हणाले. "आणि साखर नेहमीसारखी."

त्याने वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे, मग अंगठ्याकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. "बरं, बाई," तो म्हणाला, आणि दोन कप पुढे सरकवून पुन्हा दुधाकडे वळला.